माशाच्या पिल्लांच्या १५ किलो खाद्यात कसली काटकसर?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

१० जुलैच्या राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिनाला आपल्या शेतीपानावर शेततळ्यातल्या मत्स्यपालनाचा लेख आला होता, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो दिवसभर फिरत होता. लेख तसा चांगला होता, अनुदान कसं काढायचं, कागदपत्रं काय लागतात, कटला-रोहू-मृगळ कुठल्या प्रमाणात सोडायचे, सगळं सविस्तर होतं. पण खाद्याच्या चौकटीत एकच ओळ, २८ ते ३० टक्के प्रोटीनचं खाद्य द्या नाहीतर शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा करून द्या. बास, विषय संपला. आता अर्ध्या किलोच्या माशाला हे चालतंय, त्याबद्दल कुणाचं काय म्हणणं नाही, पण ही ओळ वाचून ज्यांनी आत्ता जिरे, म्हणजे माशाची अगदी बारकी पिल्लं, आणून तळ्यात सोडलेत त्यांचं पुढं काय होणार हे मला इथं बसून दिसतंय, म्हणून लिहायला घेतलं. पत्र जरा लांबणार आहे.

ज्या वाचकांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अंड्यातून निघालेलं पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे, ६ ते ८ मिलिमीटर लांब, बघितलं तर पारदर्शक दोऱ्याचा तुकडा आणि त्याला दोन काळे डोळे. पहिले तीनेक दिवस पोटाला चिकटलेल्या पिशवीतल्या बलकावर त्याचं भागतं, मग तोंड उघडतं आणि तिथून पुढं त्याचं त्यानं बघायचं. वाढून इंचभर झालं की त्याला बीज म्हणायचं आणि तीन-चार इंचाचं झालं की बोटुकली. एक लाख जिरे तोलले तर साधारण १४० ग्रॅम भरतात, म्हणजे एकाचं वजन दीड मिलिग्रॅमसुद्धा नाही. तेच पिल्लू १५-२० दिवस नीट खायला मिळालं तर शंभर पटीच्या पुढं जातं. तीन किलोचं जन्मलेलं पोरगं महिना भरायच्या आत तीनशे किलोचं होणार असलं तर त्याला तुम्ही काय घालाल, कोंडा?

एवढं अंग भराभर वाढतं म्हणजे नुसतं मांस तयार होत असतं. माशाच्या अंगातलं पाणी काढून टाकलं तर जे उरतं त्यात निम्म्याहून कितीतरी जास्त प्रोटीनच असतं, त्यामुळं जेवढी वाढ जोरात तेवढी प्रोटीनची मागणी जास्त. जिरे आणि बीजाच्या वयात खाद्यात ४० ते ४५ टक्के प्रोटीन लागतं, बोटुकली झाली की ३०-३५ वर भागतं आणि मोठ्या माशाला २५ ते ३० पुष्कळ झालं. आपल्या चौकटीतला आकडा हा शेवटचा आहे आणि पेंड-कोंड्याचा हिशेब केला तर तोही जेमतेम बसतो, शेंगदाणा पेंड ४०-४५ टक्के, कोंडा १२-१३ टक्के, निम्मं-निम्मं केलं की २७-२८.

आता कुणी म्हणेल की पेंड-कोंडा तर आमच्या वडिलांच्या काळापासून चालत आलाय, मग तेव्हा बीज कसं काय मोठं व्हायचं? व्हायचं की, आणि का व्हायचं हेच आपल्याकडं कुणी सांगत नाही. ती पद्धत मातीच्या तळ्याची आहे. मातीच्या संगोपन तळ्यात आधी मोहाची पेंड टाकतात, हेक्टरी मीटरभर पाण्याला २५०० किलो, त्यातल्या सॅपोनिन या विषानं मरळ वगैरे पिल्लं खाणारे मासे मरतात आणि दोन-तीन आठवड्यांनी विषाचा असर गेला की त्याच पेंडीचं खत होतं. वर शेण पडतं, थोडं सुपर फॉस्फेट पडतं. मग पाण्यात आधी हिरवं शेवाळ येतं आणि ते खाणारे बारीक जीव तयार होतात, रोटिफर, मोयना, डॅफ्निया. जिऱ्याचं खरं जेवण म्हणजे हे जीव. सुकवून बघितलं तर त्यांच्यात निम्मं किंवा त्याच्याहून जास्त प्रोटीन, आकार जिऱ्याच्या तोंडात मावेल असा, हालतात म्हणून दिसतात, आणि पचायला एकदम सोपे. हे पचण्याचं लक्षात घ्या, कारण रोहू-कटला-मृगळ या सगळ्या कार्प जातीला जठरच नसतं, आयुष्यभर नसतं, आणि जिऱ्याचं तर आतडं म्हणजे सरळ नळी, पाचक रस नुकते कुठं सुरू झालेले. तळ्याचं पाणी अशा जिवांनी भरलेलं असायचं म्हणून वरून टाकलेला पेंड-कोंडा खपून जायचा. त्यातला बराचसा तर पिल्लांच्या तोंडात जायचाच नाही, पाण्यात खत म्हणूनच लागायचा.

आणि आपली आत्ताची शेततळी कसली आहेत? कागल, गडहिंग्लज, हातकणंगले, कुठंही जावा, काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेली. पाणी मुरू नये म्हणून कागद, ते बरोबरच आहे, तळं उसाच्या आणि भाजीच्या पाण्यासाठी काढलंय, मासे जोडधंदा. पण कागदावर माती नाही, माती नाही म्हणून खत धरून ठेवायला काही नाही, आणि त्यामुळं ते बारीक जीव येतात तेही तुरळक. त्यात मोसम कुठला तर जुलै. आपल्याकडं जुलैत आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, राधानगरी-गगनबावड्याच्या बाजूला तर विचारूच नका, ऊन नाही म्हणजे शेवाळ नाही, शेवाळ नाही म्हणजे पुढची साखळीच नाही, वर पाणी गार पडल्यावर पिल्लांची भूक आणि वाढ दोन्ही मंदावते, आणि एक जोराचा पाऊस आला की तळं वरून वाहतं आणि जे काय थोडंफार तयार झालं होतं ते शेजाऱ्याच्या रानात. अशा तळ्यात पेंड-कोंड्याचा जुना फॉर्म्युला लावला तर प्रोटीनचा जो भाग पाणी पुरवायचं तो कोण पुरवणार? बायोफ्लॉकच्या टाक्यांचं पण तेच, तिथं पाण्यात जिवाणूंचे पुंजके, म्हणजे फ्लॉक, तयार करतात तेच माशाचं खाद्य, आणि तो फ्लॉक बसायच्या आधीच जिरे सोडायची घाई.

आमच्या एका पाहुण्यांच्या तळ्यावर मागं हे बघितलं. जिरे सोडून आठवडा झाला होता, सकाळ-संध्याकाळ मूठ-मूठ पेंड-कोंडा चालू होता, माणूस मनापासून करत होता. काठाला कागदावर पेंडीचा चिकट थर बसलेला, हात लावला तर बुळबुळीत, आंबूस वास. बारीक जाळीनं थोडी पिल्लं काढून जेवायच्या पांढऱ्या ताटलीत पाण्यात सोडली. पिल्लू अजून पारदर्शक असतं त्यामुळं पोटात काय आहे ते वरून दिसतं, खाल्लेलं असलं की मधोमध तपकिरी काळसर रेघ दिसते. इथं दहातल्या आठांना रेघच नाही. डोकं मोठं आणि मागं शेपूट टाचणीसारखं. म्हणजे पेंड तळ्यात होती पण पोटात नव्हती, कारण कणाचा आकारच तोंडापेक्षा मोठा. पाहुणे म्हणाले दुकानदारानं सांगितलंय सगळ्या साईजला एकच खाद्य चालतं. आता काय बोलायचं. जिऱ्याची एक अवस्था अशी असते की ठराविक वेळेपेक्षा जास्त उपाशी राहिलं की नंतर समोर अन्न आलं तरी ते खाऊ शकत नाही, अंगात तेवढी ताकदच उरत नाही, त्यामुळं 'नंतर वाढवू' हा प्रकार इथं नाही. अशा तळ्यात जी पिल्लं टिकतात ती पण लहान-मोठी होतात आणि लहान राहिलेली आधी पाणकिड्यांच्या तोंडी जातात. जिऱ्यापासून बीजापर्यंत निम्मी जगली तरी लोक चांगलं म्हणतात, यावरून ओळखा.

ज्यांच्या कामाची आठवण म्हणून हा १० जुलै पाळतात ते डॉ. हिरालाल चौधरी, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९५७ साली ओडिशातल्या अंगुळला पियुष ग्रंथीचा अर्क टोचून बंद पाण्यात या माशांची अंडी घेतली, त्याच्या आधी बीज नदीतनं गोळा करायला लागायचं आणि त्यात नको ते मासे मिसळून यायचे. बीज मिळवायचा प्रश्न तेव्हा सुटला. आज कोलकात्याहून ऑक्सिजनच्या पिशवीत येतंय, जयंती रोहूसारखी सुधारित जात पण भुवनेश्वरच्या सिफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या संशोधन संस्थेनं दिली. घोडं अडलंय ते पहिल्या वीस दिवसात. जात कितीपण भारी आणा, पोट रिकामं असल्यावर जयंती आणि साधी रोहू सारखीच मरते.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि तो पैशाचा आहे. मत्स्यपालनाच्या ट्रेनिंगला जे गणित सांगतात ते असं: एक लाख जिऱ्यांना पहिले पाच दिवस रोज सुमारे ६०० ग्रॅम खाद्य, म्हणजे सोडताना जेवढं वजन त्याच्या चौपट, आणि त्यापुढं रोज १२०० ग्रॅम. पंधरा दिवसांचं करून बघा. पाच दिवसांचं ३ किलो, पुढच्या दहा दिवसांचं १२ किलो, झालं १५ किलो. लाखभर पिल्लांना सगळं मिळून १५ किलो! आणि तेच मासे मोठे करताना एक टन माशाला दीड ते दोन टन खाद्य जातं, तेव्हा माणूस गुपचूप बिलं भरतो. म्हणजे ज्या १५ किलोवर पुढचं सगळं उभं आहे तिथं आपण कोंडा मिसळून पैसे वाचवतोय. पिल्लांचं चांगलं पावडर खाद्य मोठ्या माशाच्या खाद्यापेक्षा दुप्पट-तिप्पट महाग धरलं तरी एकूण खर्चात ते कुठं दिसणार पण नाही.

विकत नको असलं तर घरी करा. पेंड ५० भाग, बिनमिठाची सुकट ३० भाग, कोंडा २० भाग. सुकटीत ५५ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन धरलं तर ढोबळ हिशेब ४० वर येतो. सुकट कोकणातनं आपल्या आठवडी बाजारात येतीयच. सगळं वाळवून मिक्सरला अगदी पिठासारखं करायचं, मलमलच्या कापडातनं चाळायचं, चाळल्यावर राहिलेला चोथा म्हशीला, आणि दिवसातनं दोनदा मूठ मारण्यापेक्षा चार वेळा थोडं-थोडं टाकायचं, जठर नसलेल्या जीवाला साठवता येत नाही. घरात वास येतो म्हणून बायको ओरडते तेवढं सहन करायचं.

सुकट कशाला, नुसती पेंड वाढवली तर ४० होतंच की, असं एकानं विचारलं होतं. आकडा होतो पण काम होत नाही. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची जुळणी आणि त्यातली दहा माशाला खाद्यातनंच मिळायला लागतात. शेंगदाणा पेंडीत लायसिन आणि मेथिओनिन ही दोन कमी पडतात, जी कमी पडतात तिथंच वाढ थांबते आणि बाकीचं प्रोटीन नुसतं जळून जातं. सुकटीत ही दोन्ही चांगली असतात. सोयाबीनमध्ये लायसिन चांगलं आहे आणि आपल्याकडं सोयाबीन कुणाच्या घरात नसतं? पण ते कच्चं दळून अजिबात टाकू नका, त्यात प्रोटीनचं पचन अडवणारा घटक असतो, नीट भाजला-शिजवला तरच तो मरतो. आणि म्हशीची सरकी पेंड घरात पडलीय म्हणून तीच पिल्लांना, हे तर बंदच करा. सरकीत गॉसिपॉल असतं, ते विषारी तर आहेच वर लायसिनला धरून ठेवतं. पेंड पावसाळ्यात बुरशी धरते, शेंगदाणा पेंड जास्तच, त्या बुरशीतनं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होतं, हिरवट काळा डाग दिसला की ते पोतं मोठ्या माशाला पण नको.

पोत्यावरच्या 'क्रूड प्रोटीन' या आकड्याबद्दल पण सांगतो, कारण लोक तो आकडा ब्रह्मवाक्य समजतात. लॅबमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात. उसाला युरिया टाकणाऱ्या आपल्या लोकांना पोत्यावरचं ४६ पाठ आहे, तो नायट्रोजनच. ४६ गुणिले ६.२५ म्हणजे साडे २८७. म्हणजे या हिशेबानं युरियात २८७ टक्के प्रोटीन! खाद्यात किलो-दोन किलो युरिया ढकलला की कागदावर टक्केवारी वाढते. २००८ साली चीनमध्ये लहान पोरांच्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजननं भरलेलं रसायन घातलं ते याच युक्तीनं. म्हशीला पोटातल्या जिवाणूंमुळं थोडाफार युरिया पचतो, माशाच्या पिल्लाला त्याचा काडीचा उपयोग नाही. सगळे विकणारे असं करतात असं मी म्हणत नाही, पण अनोळखी ब्रँड फारच स्वस्तात ४० टक्के देत असला तर प्रोटीन कशापासनं आलंय एवढं तरी विचारा. पोत्यावर घटक आणि तयार केल्याची तारीख नसेल तर घेऊच नका.

आता हे वाचून कुणीतरी ५५ टक्केवालं मागवणार, तेही नको. वाढ एका मर्यादेपर्यंत प्रोटीनबरोबर वाढते, पुढं थांबते, कधी उलट कमी होते. जास्तीचं प्रोटीन मासा साठवत नाही, जाळतो आणि त्याचा अमोनिया कल्ल्यातनं पाण्यात सोडतो. मातीच्या तळ्यात मातीतले जिवाणू तो बराच ओढून घेतात, कागदाच्या तळ्यात तो पाण्यातच फिरत राहतो आणि ऊन पडून दुपारी पाण्याचा पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. सकाळी ठीक असलेली पिल्लं दुपारी वर येऊन तोंड मारायला लागली तर खाद्य बंद करा आणि थोडं पाणी बदला, औषधाच्या बाटल्या नंतर.

कागदाच्या तळ्यात जिरे वाढवायचेच असतील तर मोकळे सोडण्यापेक्षा बारीक जाळीच्या हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, ठेवा, खाल्लंय का उरलंय ते दिसतं, फक्त जाळी शेवाळानं बुजते ती दोन-तीन दिवसांनी हलक्या हातानं घासायला लागते. आणि सोडायच्या आधी पाणी तपासा. ५० लिटर पाणी बारीक कापडाच्या जाळीतनं गाळा, जे राहील ते काचेच्या नळीत बसू द्या, एक-दोन मिली गाळ बसला आणि तो तपकिरी, वळवळणारा असला तर पाणी तयार. नुसता हिरवा असला तर अजून थांबा, ते शेवाळ आहे. नळीत काहीच नाही बसलं तर जिऱ्याच्या नादाला लागू नका, सरळ बोटुकली विकत घ्या, नग महाग पडतो पण हातात काहीतरी राहतं.

यावर आंध्रचं उदाहरण लोक तोंडावर फेकतात, की तिकडं बीज मुद्दाम दाटीत आणि अर्धपोटी ठेवून वर्षभर दाबतात आणि मग मोकळ्या तळ्यात सोडल्यावर ते झपाट्यानं वाढतं, मग उपाशी ठेवल्यानं काय बिघडतं? बिघडत नाही, कारण ती बोटुकली असते. आतडं पूर्ण झालेलं, खवले आलेले, अंगात साठा असलेली. तिला दाबता येतं आणि ती नंतर भरून काढते. चार दिवसाच्या जिऱ्याकडं साठा कसला, बलक संपला की खिसा रिकामा.

साहेब, विनंती एवढीच. बीज सोडायचा सीझन अजून चालू आहे तोवर ती चौकट दुरुस्त करून परत छापा, जिरे, बीज, बोटुकली आणि मोठा मासा असं वेगवेगळं खाद्य, आणि मातीचं तळं वेगळं, कागदाचं वेगळं. खाद्य विकणाऱ्यांना आपल्या पेपरातनं विचारा की पिल्लांचं बारीक खाद्य पाच-पाच किलोच्या पिशवीत का मिळत नाही, ज्याला १५ किलो लागतंय त्यानं मोठं पोतं फोडून उरलेलं पावसाळ्यात ठेवायचं कुठं. तोवर गावातल्या तिघा-चौघांनी मिळून एक पोतं वाटून घ्यावं, आम्ही तसंच करतो. आणि २०२० साली आलेल्या केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत ४०-६० टक्के अनुदान देऊन तळी आणि टाक्या उभ्या राहिल्या, तर त्या लाभार्थ्यांच्या ट्रेनिंगमध्ये अर्धा दिवस तरी फक्त जिऱ्याच्या खाद्यावर ठेवा असं खात्याला कुणीतरी सांगायला पाहिजे, आम्ही सांगून ऐकत नाहीत, पेपरात आलं की ऐकतात.

जागेअभावी पत्र कापायचं असेल तर खुशाल कापा, फक्त १५ किलोचा हिशेब तेवढा राहू द्या.

आपला,
एक शेततळंवाला वाचक
ता. करवीर, जि. कोल्हापूर